वटारलेल्या डोळ्यांचा हिशेब

कुंभिवलीपासून खोपोलीपर्यंत कुठल्याही वडापावच्या गाडीवर जरा वेळ उभं राहिलं, की भारताचं परराष्ट्र धोरण फुकटात ऐकायला मिळतं. धोरण फार सोपं आहे. आपली अर्थव्यवस्था जगात चौथी की पाचवी, एवढाच काय तो वाद. बाकी सगळं ठरलेलं. मालदीवने तोंड वर काढलं, पर्यटक बंद करा. नेपाळने नकाशा बदलला, पेट्रोलचे टँकर अडवा. बांगलादेश गुरगुरतो, पाणी तोडा. श्रीलंका चिनी जहाजाला बंदरात घेते, मग दिलेले पैसे मागून घ्या. चीन असंच करतो म्हणून तो पुढे गेला आणि आपण चांगुलपणाच्या नादात मागे राहिलो. एवढं झालं की शेवटचा ठेवणीतला दाखला येतो: बांधावरचा शेजारी दबून असला, तरच आपलं शेत शाबूत.

हे मत गाडीपुरतंच असतं तर सोडून देता आलं असतं. पण तेच संध्याकाळी वाहिन्यांवर टाय लावून बसतं, निवृत्त अधिकाऱ्यांच्या तोंडून बाहेर पडतं आणि सकाळी ‘फॉरवर्डेड’ होऊन घराघरांत पोचतं. एवढ्या लोकांना एवढी खात्री असलेली गोष्ट तपासून पाहायची तसदी मात्र कोणी घेत नाही.

सुरुवात त्या बांधापासूनच करू, कारण दाखला देणाऱ्यांनी तो नीट पाहिलेला दिसत नाही. भाताच्या मुलखात पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरतं. वरच्याशी वैर असलेला माणूस ऐन लावणीत कोरड्या चिखलाकडे बघत बसतो. ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या वाटेनेच आत जातो. दबलेला शेजारी चारचौघांत मान खाली घालतो हे खरं, पण रात्री तोच बांध कोरतो, आणि मग मोजणी, तहसील कचेरी, तारखा. कर्जत-खालापुरात तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत याहून वाईट होताना लोकांनी पाहिलंय. रोजच्या कटकटीला कंटाळलेला शेजारी एके दिवशी गुपचूप जमीन मुंबईच्या पार्टीला विकून मोकळा होतो. मग येतं कंपाउंड, लोखंडी फाटक आणि त्यावर ‘खाजगी मालमत्ता’ची पाटी. वाट बंद. ज्याला दबवत होतो तो तरी गाववाला होता. आता भांडायचं तर वकिलाशी. हा दाखला नेमका कोणाच्या बाजूचा?

नेपाळमध्ये हेच झालं. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळ भूकंपाने मोडून पडला. भारताची विमानं आणि मदतपथकं काही तासांत तिथे पोचली, कौतुक झालं. त्याच वर्षी २० सप्टेंबरला नेपाळने नवं संविधान लागू केलं. तराईतल्या मधेशी समाजाला ते मान्य नव्हतं, दिल्लीलाही नव्हतं. काही दिवसांतच रक्सौल-वीरगंज नाक्यावर ट्रकच्या रांगा थांबल्या. भारताने नाकाबंदी केल्याचं कधीच कबूल केलं नाही. अडथळे नेपाळी आंदोलकांचे आहेत, असं सांगितलं गेलं. पण इंधनाचा थेंब न् थेंब भारतातून येणाऱ्या देशात ऐन हिवाळ्यात सिलिंडर मिळेना, औषधं मिळेनात, तेव्हा ते स्पष्टीकरण काठमांडूत कोण ऐकून घेणार? कर्जतच्या फार्महाऊसच्या फाटकांवर नेपाळी रखवालदार काही कमी नाहीत. त्यांच्यापैकी कोणालाही त्या हिवाळ्याबद्दल विचारून पाहावं.

आणि मिळवलं काय? फेब्रुवारी २०१६ मध्ये नाके उघडले. मार्च २०१६ मध्ये पंतप्रधान के. पी. शर्मा ओली बीजिंगला गेले आणि चीनमार्गे मालवाहतुकीचा करार करून आले. २०१७ मध्ये नेपाळ ‘बेल्ट अँड रोड’मध्ये सामील झाला. २०२० मध्ये कालापानी, लिपुलेख, लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा नेपाळच्या संसदेने एकमुखाने मंजूर केला. भारताशी वैर धरून निवडणूक जिंकता येते, हे ज्या ओलींना २०१५ आधी ठाऊक नव्हतं, त्यांना ते शिकवलं कोणी? हिमालय ओलांडून नेपाळची गरज भागवणं चीनला आजही परवडत नाही, म्हणून व्यापार भारताशीच चालतो. पण चीनला तिथे पाय ठेवायला जागा हवी होती. ती नाकाबंदीने दिली.

टँकर अडवण्यावर ज्यांचा भरवसा आहे त्यांनी त्याच सीमेवरची दुसरी गोष्टही बघावी. सप्टेंबर २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज अशी ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली, दक्षिण आशियातली दोन देशांना जोडणारी पहिली. नेपाळच्या इंधनात भारताचा वाटा तिने पक्का केला. तिच्यासाठी वाहिन्यांवर कोणी छाती ठोकली नाही, कारण नळातून वाहणाऱ्या डिझेलचं चित्र शौर्याचं दिसत नाही.

मालदीवचं उदाहरण डोळे वटारणाऱ्यांना फार प्रिय. त्यांचं सांगणं असं: मोहम्मद मुइज्जू ‘इंडिया आउट’ म्हणत निवडून आले, भारतीय जवानांना घालवून दिलं, त्यांच्या मंत्र्यांनी पंतप्रधानांची टवाळी केली, भारतीयांनी बहिष्कार टाकला आणि वर्षाच्या आत मुइज्जू दिल्लीत हजर! शिकवला की नाही धडा?

तारखा आणि आकडे मात्र वेगळं बोलतात. जानेवारी २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या छायाचित्रांवरून वाद पेटला. टवाळी करणाऱ्या तीन उपमंत्र्यांना मालेने लगेच निलंबित केलं. बहिष्कार खरोखर झाला: २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय तिथे गेले होते, २०२४ मध्ये सुमारे एक लाख तीस हजार. पहिल्या नंबरची जागा चिनी पर्यटकांनी घेतली. आणि मालदीवच्या एकूण पर्यटकांचा आकडा त्याच वर्षी वीस लाखांच्या वर गेला. बहिष्काराने मालदीवची हॉटेलं रिकामी पडली नाहीत, फक्त खोल्यांतली माणसं बदलली. भारतीय जवान मे २०२४ मध्ये परतले ते परतलेच; त्यांच्या जागी तंत्रज्ञ गेले.

मुइज्जूंना दिल्लीत आणलं ते डॉलरच्या टंचाईने. देश कर्जबुडवेपणाच्या काठावर उभा होता. मेमध्ये भारताने ५ कोटी डॉलरच्या रोख्यांची मुदत वाढवून दिली. ऑक्टोबर २०२४ च्या दौऱ्यात ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन-अदलाबदलीची सोय करून दिली. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनाला मोदी प्रमुख पाहुणे होते आणि ४,८५० कोटी रुपयांचं नवं कर्ज जाहीर झालं. म्हणजे परराष्ट्र खात्याने समाजमाध्यमांवरच्या वीरांचं ऐकलं नाही, म्हणून मालदीव परत आला. दिल्लीने धनादेश लिहिला आणि श्रेय मात्र हॅशटॅगवाले घेऊन गेले.

ताकद वापरूच नये असं म्हणणं इथे कोणाचंच नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये भाडोत्री बंडखोरांनी मालेचा ताबा घेतला, तेव्हा अध्यक्ष गयूम यांच्या विनंतीवरून भारताचे छत्रीधारी जवान आग्र्याहून उडून त्याच रात्री मालदीवमध्ये उतरले. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतला पाणी शुद्ध करणारा प्रकल्प आगीत बंद पडला, तेव्हा हवाई दलाची विमानं आणि नौदलाची जहाजं पाणी घेऊन गेली. दोन्ही वेळा ताकद होती आणि ती दिसली. फरक एवढाच की बोलावल्यावर गेलो आणि काम संपल्यावर परतलो.

न संपणारं काम अंगावर घेतलं की काय होतं, ते श्रीलंकेत भारताने भोगलंय. जून १९८७ मध्ये जाफन्यावर विमानांतून अन्नाची पाकिटं टाकून कोलंबोला दम भरला गेला. पुढच्या महिन्यात करार झाला आणि शांतिसेना उतरली. करारावर सही करून निघालेल्या राजीव गांधींवर मानवंदना देणाऱ्या नौसैनिकानेच बंदुकीचा दस्ता उगारला. ज्या तमिळांसाठी गेलो त्यांच्यातल्याच वाघांशी लढलो, ज्या सिंहलींचा देश एकसंध ठेवायचा होता त्यांच्या शिव्या खाल्ल्या, सुमारे १,२०० जवान गमावले आणि मार्च १९९० मध्ये श्रीलंकेच्याच अध्यक्षांच्या सांगण्यावरून परत आलो. वर्षभराने श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. प्रादेशिक महासत्तेच्या रुबाबाचा एवढा महागडा प्रयोग स्वतंत्र भारताने दुसरा केलेला नाही. आज ‘घुसून दाखवा’ म्हणणाऱ्यांत या प्रयोगाची आठवण कितीजणांना आहे?

त्याच श्रीलंकेत २०२२ मध्ये चूल पेटेना, अध्यक्ष देश सोडून पळाले. तेव्हा भारताने कर्ज, इंधन, औषधं मिळून जवळपास ४ अब्ज डॉलरचा हात दिला. १९८७ च्या कराराविरुद्ध ज्या जनता विमुक्ती पेरमुनाने हत्यार उपसलं होतं, त्याच पक्षाचे अनुरा कुमार दिसानायके २०२४ मध्ये अध्यक्ष झाले. पहिल्या परदेश दौऱ्यासाठी त्यांनी दिल्ली निवडली आणि आपली भूमी भारताविरुद्ध वापरू देणार नाही, असं तिथेच सांगितलं. शांतिसेनेला तीन वर्षांत हे जमलं नव्हतं.

उरला चीन. तो धाकाने मोठा झाला, असं ठोकून सांगितलं जातं. पण हंबनटोटा बंदर चीनला मिळालं ते काय तोफा लावून? श्रीलंकेने मागितलं, चीनने कर्ज दिलं. बंदर चालेना, म्हणून २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेलं. बंदर आधी भारताला देऊ केलं होतं, असं महिंदा राजपक्षे सांगत असत. चीनने जिथे खरोखर डोळे वटारले, तिथला हिशेब वेगळा आहे. दक्षिण चिनी समुद्रात फिलिपिन्सची मच्छीमारी अडवली. फिलिपिन्सने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात निकाल मिळवला आणि २०२३ मध्ये अमेरिकेला आणखी चार लष्करी तळ खुले केले. ऑस्ट्रेलियाच्या बार्ली आणि वाइनवर २०२० मध्ये जबर कर लावले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया अणुपाणबुड्यांसाठी अमेरिका-ब्रिटनच्या गटात गेला, आणि ते कर नंतर चीनलाच उठवावे लागले. चीनची नक्कल करायचीच तर निदान त्याच्या फसलेल्या भागाची तरी नको.

दुसऱ्याच्या किनाऱ्यावर बस्तान बसवायला धाक लागतो का, याचं उत्तर शोधायला रायगडवाल्यांना जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. खालापूरच्या टोलनाक्यावर घाट चढायला रांगेत उभे असलेले कंटेनर पाहावेत. ते उरणजवळच्या ज्या न्हावाशेव्याहून आले, तिथल्या एका टर्मिनलवर दुबईची कंपनी आहे, दुसऱ्यावर डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या टर्मिनलवर सिंगापूरची, तीही तीस वर्षांच्या कराराने. सिंगापूर हा देश रायगड जिल्ह्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. त्याने उरणवर युद्धनौका रोखली होती? दुबईने कधी भारताचं तेल तोडायची भाषा केली? काम चोख, पैसा रोख, कराराला पक्के. हंबनटोट्यावर हळहळणाऱ्यांना उरणचं बंदर दिसत नाही, ही आणखी एक गंमत.

इथवर आलं की डोळे वटारणारे वर्तमान सोडून इतिहासात शिरतात. मराठे कसे वागले? अटकेपार झेंडे काय विनंतीअर्ज करून लावले?

झेंडे लागले, १७५८ मध्ये, आणि त्याचा अभिमान मराठी माणसाला का असू नये? पण त्या झेंड्यांच्या आधीची वसुलीही वाचावी. जयपूरच्या ईश्वरीसिंहाने थकलेल्या खंडणीच्या तगाद्याखाली डिसेंबर १७५० मध्ये जीव दिला. पुढच्याच महिन्यात जयपूर शहरात मराठ्यांची हजारोंनी कत्तल झाली. १७५४ मध्ये जाटांच्या कुंभेरला वेढा पडला, तिथे खंडेराव होळकर मारले गेले. १७५५ मध्ये जोधपूरच्या भांडणात नागोरला जयाप्पा शिंद्यांचा खून झाला. बंगालवर नागपूरकर भोसल्यांच्या फौजा जवळजवळ दरसाल जात होत्या. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाने वर्षाला १२ लाखांची चौथ आणि ओडिशा देऊन सुटका करून घेतली. बंगाली घरांत पोरं निजवायच्या गाण्यात ‘बर्गी’ आजही येतात, ते कौतुकाने नव्हे. त्या स्वाऱ्यांना भ्यालेली माणसं आसऱ्याला गेली इंग्रजांच्या कलकत्त्यात.

आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठ्यांच्या बाजूला कोण होतं? जयपूर नव्हतं, जोधपूर नव्हतं. सूरजमल जाट आधीच निघून गेला होता. ‘रजपुतांनी दगा दिला’ हे पालुपद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जातं. दहा वर्षं ज्याच्या घराची झडती घेतली, त्याने संकटात धावून यावं, ही अपेक्षा कोणत्या शहाणपणाची? विशेष म्हणजे पानिपतानंतर जीव घेऊन पळालेल्या मराठ्यांना अन्न, कपडे आणि आसरा दिला तो याच सूरजमलने.

अटकेच्या झेंड्याची पुढची गोष्ट तर याच मुलखातली आहे. तो झेंडा ज्यांच्या नावावर, ते रघुनाथराव १७७५ मध्ये पेशवाईसाठी इंग्रजांच्या वळचणीला गेले. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज त्यांना गादीवर बसवायला पनवेलहून निघाली आणि खोपोलीवरून बोरघाट चढली. सोबत १९ हजार बैलांचा लबेदा. घाटमाथ्यावर मराठ्यांनी समोरासमोर न भिडता रसद तोडली, पुढची गावं ओस पाडली. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठी लोकांचा ‘इष्टूर फाकडा’, पडला. तळेगावहून माघार घेताना तोफा तळ्यात टाकाव्या लागल्या आणि वडगावला नामुष्कीचा तह झाला. त्याआधी सुमारे एकशे अठरा वर्षं, २ फेब्रुवारी १६६१ ला, याच खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत कारतलबखानाचं मोगली सैन्य असंच कोंडलं होतं. तेही फार मोठ्या सत्तेचं, धाक बसवायला निघालेलं सैन्य होतं.

इंग्रज पुण्यात कायमचे शिरले ते त्यानंतर, आणि वाट वेगळी होती. होळकरांच्या भीतीने दुसरा बाजीराव स्वतः त्यांच्याकडे धावला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला सही करून त्यांची फौज मागून घेतली. खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. त्याला इंग्रजांकडे ढकललं आपल्याच माणसांच्या धाकाने. नेपाळ, श्रीलंका, मालदीव आज ज्याच्याकडे धावू शकतात तो त्यांच्या दारात उभाच आहे, खिशात पैसे घेऊन.

भारताच्या ज्या हालचाली खरोखर पाय रोवून आहेत, त्यांची चर्चा कट्ट्यावर होतच नाही. मॉरिशसमध्ये मराठी वंशाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. त्याच मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला. २९ फेब्रुवारी २०२४ ला ती दोन्ही सुरू झाली. तिथे मतभेद आहेत, बेटावरच्या लोकांना धास्तीही आहे. पण काम दोन सरकारांच्या २०१५ च्या कराराने झालं, धमकीने नव्हे. म्हणूनच मॉरिशसमध्ये सत्ता बदलली तरी टिकलं. भूतानने निवडणुकीच्या तोंडावर, जुलै २०१३ मध्ये, भारताने गॅस आणि केरोसीनचं अनुदान थांबवल्याचा चटका खाल्लाय आणि तो विसरलेला नाही. तरी भूतान भारताशी बांधलेला राहिला तो विजेमुळे. भारताच्या पैशाने चुखासारखे प्रकल्प उभे राहिले आणि वीज भारतानेच विकत घेतली. १९१५ मध्ये खोपोलीला पाण्यावर वीज काढणारी टाटांची कंपनी आज भूतानमधल्या दागाछू प्रकल्पात भागीदार आहे.

सिक्कीमचं नाव कोणीतरी घेईलच. पण सिक्कीम १९७५ मध्ये भारताचं राज्य झालं, शेजारी उरलं नाही. आणि ते होताना बघून नेपाळचे राजे बीरेंद्र त्याच वर्षी आपला देश ‘शांतिक्षेत्र’ मानावा म्हणून जगाकडे मागणी करत होते. तेव्हा ते उदाहरण बाजूला ठेवावं. डोळे वटारून, रसद तोडून, बहिष्कार घालून १९४७ पासून आजपर्यंत कायमचा भारताच्या बाजूला आलेला एक शेजारी डोळे वटारणाऱ्यांनी दाखवावा. दोन नकोत, एकच. तो सापडेपर्यंत नेपाळचे टँकर वेळेवर जाऊ द्यावेत.